जिवंत वा मृत, पण परत

युरोपच्या व्हिसाचा अर्ज करणाऱ्याला तिथे जाऊन मरायला मनाई नाही. मेल्यावर तिथे राहायला मनाई आहे. थट्टा करत नाही. शेंगेन देशांच्या २००९ सालच्या व्हिसा संहितेत प्रवास विम्याचं एक कलम आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा, म्हणजे आजच्या भावाने तीस लाखांच्या घरातला हवा, आणि त्यात तातडीचे उपचार, आजारी माणसाला मायदेशी पोचवणं आणि मृत्यू या सगळ्यांचा खर्च धरलेला हवा. थोडक्यात, अर्जाच्या खिडकीशी पोचण्याआधीच आपण आपल्या पार्थिवाचं परतीचं भाडं भरून बसलेले असतो. जाताना खिडकीशेजारची जागा मिळेल की नाही याचा भरवसा नसतो, पण येण्याची सोय मात्र दोन्ही अवस्थांत चोख.

हे कलम एकदा नीट वाचलं की पुढची कागदांची लांबलचक यादी आपोआप उलगडते. बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, रजा मंजूर झाल्याचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, विमानाचं आरक्षण, लग्नाचा दाखला, या सगळ्यांतून अधिकाऱ्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: बाबा रे, तू परत जाशील ना? तुम्हाला लूव्र पाहायचंय की लूव्रच्या दारात फोटो काढायचाय, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. युरोपबद्दल तुम्हाला काय वाटतं हे त्या अर्जात कुठेच विचारलेलं नाही. भारताबद्दल काय वाटतं एवढंच विचारलंय, आणि तेही पुराव्यानिशी.

म्हणून मी म्हणतो की आपल्याकडे देशप्रेमाची खरी परीक्षा सीमेवर होत नाही, ती व्हिसा केंद्रात होते. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘या देशाचं काही खरं नाही’ असं ठणकावून सांगणारे गृहस्थ कव्हरिंग लेटर लिहायला बसले की एकदम सद्गदित होतात. मायभूमीशी माझी नाळ जोडलेली आहे, वृद्ध आईवडील माझ्यावर अवलंबून आहेत, माझी नोकरी इथे आहे, माझं घर इथे आहे. आईवडिलांना हे पत्र एकदा वाचून दाखवलं पाहिजे. त्यांनाही ही बातमी नवीच असेल.

मालमत्तेचा पुरावा म्हणून लोक सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जोडतात, गावी जमीन असेल तर सातबारा जोडतात. त्या सातबाऱ्यावर अकरा नावं असतात आणि आपला हिस्सा किती हे तलाठ्यालाही छातीठोक सांगता येत नाही. पण एजंट म्हणतो, जोडा, वजन पडतं. माझं म्हणणं, सातबारा कसला जोडताय, त्यावरून चुलतभावाशी दिवाणी कोर्टात चाललेल्या दाव्याची पुढची तारीख जोडा. मराठी माणूस पॅरिस सोडेल, पण बांधावरचा दावा सोडून तो परदेशात राहील हे शक्यच नाही. युरोपातल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या अधिकाऱ्याला हे कोण समजावणार?

बँकेच्या स्टेटमेंटचा एक वेगळाच अध्याय आहे. दूतावासाला त्यावर बँकेचा शिक्का आणि सही हवी. बँकेच्या छापील कागदावर तळाशी लिहिलेलं असतं की हे संगणकाने तयार केलेलं आहे, सहीची गरज नाही. बँकेतली मुलगी ती ओळ बोटाने दाखवते. आपण दूतावासाची ओळ बोटाने दाखवतो. शेवटी मॅनेजर साहेब जेवून आल्यावर सही करतात. आणि त्या स्टेटमेंटमध्ये पैसे किती असावेत? कमी असले तर तिकडे जाऊन भांडी घासाल असा संशय. गेल्या आठवड्यात एकदम चार लाख जमा झालेले दिसले तर हे कोणाचे असा संशय. पैसे असावेत, पण लोणच्यासारखे मुरलेले असावेत. ज्याने ऐन वेळी मेहुण्याकडून उसने घेतले त्याची बरणी लगेच ओळखू येते.

मराठीत सध्या कथा-कादंबऱ्या वाचल्या जात नाहीत अशी तक्रार आहे. लिहिल्या मात्र भरपूर जातात, फक्त त्यांना ‘डे वाइज आयटिनररी’ म्हणतात. पहिला दिवस, आगमन आणि विश्रांती. दुसरा दिवस, सीन नदीत नौकाविहार. चौथ्या दिवशी सकाळी नऊ चाळीसची गाडी. यातलं विमानाचं तिकीट पुष्कळदा ‘डमी’ असतं, म्हणजे आरक्षण आहे पण पैसे भरलेले नाहीत; हॉटेल फुकट रद्द करता येईल असं असतं. व्हिसा हातात येण्याआधी खरं तिकीट काढून बसू नका, असं शहाणे दूतावास स्वतःच सांगतात, त्यामुळे गैर काहीच नाही. अर्जदाराला ठाऊक असतं की हे ललित लेखन आहे, एजंटला ठाऊक असतं, वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी तो चौथ्या रात्रीचं हॉटेल कुठे आहे हे शोधून काढतो. इतका मन लावून वाचणारा वाचक मराठी लेखकाला एरवी कुठे मिळतो?

त्यातून नियम असा की जिथे सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार, त्या देशाकडे. हा नियम करणाऱ्याने आपली अकरा दिवसांत सात देशांची सहल पाहिलेली नसावी. एका देशात नाश्ता, दुसऱ्यात दुपारचं जेवण, तिसऱ्यात धबधबा आणि चॉकलेटचं दुकान. यात सर्वांत जास्त मुक्काम कुठला? खरं तर बसमध्ये. पण बस काही शेंगेनची सदस्य नाही. सदस्य देश सध्या २९ आहेत, आणि आपल्या सहलीत त्यातला एखादा राहून गेला तर लोक पैसे परत मागतात.

आणि परत न जाण्याची भीती कोणाबद्दल? चौथ्या दिवशी संध्याकाळी ज्याला वरण-भाताची आठवण येऊन डोळे भरून येतात, जो बॅगेत थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि इलेक्ट्रिक किटली घेऊन निघालेला असतो, त्याच्याबद्दल. युरोपात राहून जायचा ज्याचा बेत आहे तो मेतकूट मोजून दहा दिवसांचंच कशाला नेईल? माझी दूतावासांना नम्र सूचना आहे. आयकर विवरणपत्रं राहू देत, अर्जदाराची बॅग उघडून पाहा. सगळं पुराव्यानिशी दिसेल.

गंमत म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये टिटलिसच्या शिखरावर, बर्फात, शाहरुख आणि काजोलचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केलेला आहे. तो स्विस लोकांसाठी नाही. तुम्ही-आम्ही यावं, शेजारी उभं राहून फोटो काढावा, खाली उतरून घड्याळ घ्यावं म्हणून आहे. म्हणजे देशाचं एक खातं हात हलवून बोलावतं आणि दुसरं खातं दारात काठी आडवी धरून विचारतं, का आलात? आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही नगरपालिकेचं एक खातं रस्ता करतं आणि दुसरं तो खणतं.

रांगेबद्दल मात्र आपण तक्रार करायचं कारण नाही, कारण ही रांग आपलीच निर्मिती आहे. दूतावासाने अर्ज स्वतः न घेता मधल्या कंपनीने घ्यावेत, ही आता जगभर पसरलेली पद्धत ज्या व्हीएफएस ग्लोबलने रुजवली, तिची सुरुवात २००१ साली मुंबईत झाली. जगाला शून्य दिलं ते आपण, आणि व्हिसाची बाहेरून चालवलेली खिडकीही आपणच दिली. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे. त्यावर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. कुरिअर हवं, पैसे. एसएमएस हवा, पैसे. आरामखुर्चीत बसून अर्ज द्यायचाय, त्याचेही पैसे. आरामखुर्ची घेतल्याने व्हिसा मिळायची शक्यता वाढत नाही हे तिथे स्पष्ट सांगितलेलं असतं, तरीही लोक ती घेतात. आपण देवळातही खास दर्शनाची पावती फाडणारी माणसं.

खिडकीपाशी दहाही बोटांचे ठसे घेतात. इथे खरी पंचाईत आमच्या आई-मावशांची होते. चाळीस वर्षं भांडी घासून, कणीक तिंबून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र लाल दिवा दाखवतं, मुलगी म्हणते, आजी, जरा जोरात दाबा. आजी दाबतात. पुन्हा लाल. जिने आयुष्यभर घर सोडलं नाही तिचीच ओळख पटत नाही. आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवरही ठसे आणि चेहरा टिपणारी नवी यंत्रणा लागू व्हायला सुरुवात झाली आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलात की नाही, याचा हिशेब ती ठेवणार. आजी सतराव्या दिवशी परत येणार आहेत, पण यंत्राला ते कोणी सांगावं.

आता थोडा इतिहास. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं वाइनचं गाव. १४ जून १९८५ ला पाच देशांच्या प्रतिनिधींनी तिथे नदीतल्या एका बोटीवर बसून आपसातल्या सीमा उठवायच्या करारावर सह्या केल्या. सीमा उठवणं हे मोठंच काम, ते त्यांनी केलं. आतल्या सगळ्या भिंती पाडल्या आणि त्यांच्या विटा बाहेरच्या भिंतीला लावल्या.

परवान्याची ही विद्या त्यांची जुनीच आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज हिंदी महासागरात आले ते कुठलाही व्हिसा न घेता. आल्यावर त्यांनी इथल्याच जहाजांना परवाना सक्तीचा केला. ‘कार्ताझ’ नावाच्या त्या परवान्यावर जहाजाचं नाव, नाखवा, माल, शस्त्रं, कुठे जाणार, सगळं लिहिलेलं असे, आणि तो नसेल तर जहाज जप्त. हज यात्रेकरूंना नेणाऱ्या मुघल जहाजांनाही तो घ्यावा लागे. म्हणजे पाहुणा ओसरीवर आला आणि घरच्यांनाच विचारू लागला, कुठे निघालात?

त्याच पोर्तुगालमुळे आज कोकणात एक मजा झाली आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे पेडण्यात एखाद्याचा आजा जन्मला असेल तर नातू लिस्बनला कागद पाठवून, भारतीय पासपोर्ट परत करून, थेट युरोपियन होऊ शकतो. नाक्याच्या अलीकडे बांद्यात जन्मलेल्या आज्याचा नातू मात्र सहा महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन रांगेत. दोघे एकाच पाहुण्याच्या लग्नात एकाच पंगतीला जेवतात, सोलकढीही सारखीच पितात. फरक एवढाच की एकाच्या पणजीला कळा कुठल्या बाजूला लागल्या.

व्हिसा नाकारला तर एक छापील फॉर्म येतो. त्यात कारणांची यादी असते आणि तुमच्या कारणापुढे खूण. सर्वांना ठाऊक असलेलं कारण म्हणजे तुम्ही मुदतीत परत जाल याबद्दल रास्त शंका आहे. कोणाला कसली शंका आली हे कळत नाही. हरकत घ्यायची सोय आहे, पण ती त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे आणि पुष्कळदा त्यांच्या भाषेत. उलट, शहाण्यासारखं वागलात तर बक्षीसही आहे: एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नियमाप्रमाणे वापरणाऱ्या भारतीयाला दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो, आणि पुढे पाच वर्षांचाही. दोनदा जाऊन दोनदा परत आलात की मग तुमच्यावर थोडासा विश्वास. सासरीसुद्धा जावयाला इतका वेळ लागत नाही.

इथवर वाचून ज्यांचं रक्त तापलं असेल त्यांनी आता भारत सरकारचा ऑनलाइन व्हिसा अर्ज उघडून पाहावा. नेपाळ, भूतान, मालदीव असे दोन-तीन शेजारी सोडले तर जवळपास साऱ्या जगाला आपण व्हिसा लावतो. युरोप तुमची बँक तपासतो. आपण पाहुण्याला त्याचा धर्म विचारतो. अंगावरची ठळक खूण विचारतो, म्हणजे डाव्या गालावरचा तीळ वगैरे. शिक्षण किती ते विचारतो. आईचा, बापाचा जन्म कुठला ते विचारतो, आणि आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानचे नागरिक होते का, तेही. असतील तर ई-व्हिसा विसरायचा आणि लांबच्या रांगेत उभं राहायचं. ताजमहाल पाहायला निघालेल्या बर्मिंगहॅमच्या नर्सबाईंच्या आजीने १९४७ साली कुठल्या बाजूला चूल मांडली, यावर आग्र्याचा कार्यक्रम ठरतो. पेडणे-बांद्याचीच गोष्ट आपण दुसऱ्यांना लावतो आहोत. पाहुणा देव असतो अशी जाहिरात करणारं खातं इथेही वेगळं आणि तीळ विचारणारं खातं वेगळं.

तेव्हा परराष्ट्र मंत्र्यांनी युरोपला खरमरीत पत्र लिहावं अशी मागणी मी करणार नाही. त्यांच्याकडून उत्तरादाखल आपलाच अर्ज परत यायचा. गृह मंत्रालयाला मात्र एक विनंती आहे: त्या अर्जातला धर्माचा रकाना तेवढा काढून टाका. आणि वाचकहो, मे महिन्यात युरोपला जायचं असेल तर अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, नोव्हेंबरातच कामाला लागा. नकार आला तर ९० युरो परत मिळत नाहीत.