चि. छत्तीस नंबरच्या दाढेस

मुक्काम खालचा जबडा, डावी बाजू.

चि. दाढेस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणून चिरंजीव लिहिले. चिरंजीव राहणार की नाही, ते शनिवारी सकाळी साडेदहाला ठरेल. दातांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे. दुखत काहीच नाही, नुसती तपासणी. ‘दुखत नसताना दातवाल्याकडे जाणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच,’ असे आई म्हणाली. साठीनंतर स्वतःचे दात असलेलाही घराण्यात कोणी आठवत नाही, हे मी तिला बोललो नाही.

तिथे तुला ‘दाढ’ म्हणून कोणी हाक मारणार नाही. डॉक्टर ‘थ्री सिक्स’ म्हणतील. जबड्यांचे चार भाग करायचे, त्यातला तिसरा, आणि मधल्या रेषेपासून मोजत गेले की सहावा दात. मराठीत हा छत्तीसचा आकडा होतो आणि आपले संबंध पाहता तो चुकलेला नाही. घरात अडकित्ता असताना सुपारी मी तुझ्यावर फोडली. उसाची कांडी सोलली. बाटलीचे बूच एकदाच, तेही मित्रांनी पैज लावली म्हणून.

आधी डॉक्टर मधुमेह, ब्लडप्रेशर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची चौकशी करतील. तिथे मी खरे सांगेन. मग विचारतील, ‘ब्रश किती वेळा करता?’ मी ‘दोनदा’ म्हणेन. त्या क्षणी तू गप्प राहा.

तशी तू गप्पच असतेस, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. तुझे वरचे एनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ; पण त्यात नस नाही. तिथे कीड लागली तरी तू ब्र काढत नाहीस. कीड आतल्या थरात गेली की गार पाणी झोंबते. थेट नसेपर्यंत पोचली की मग रात्री दोन वाजता तुला कंठ फुटतो. तोवर सिमेंट भरून भागण्याची वेळ टळलेली असते आणि रूट कॅनॉल निघतो. ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ हा आमचा सिद्धांत तुझ्या या मौनावरच उभा आहे.

छोटा आरसा आणि टोकदार सळई पाहून दचकू नकोस. एका बारीक काडीने हिरडी आणि दात यांच्यातली फट मोजतील, मिलिमीटरमध्ये. तीनपर्यंत बरे, चारपासून डॉक्टरांच्या भुवया वर जातात. दोन दाढांच्या मधली कीड आरशाला दिसत नाही, म्हणून कदाचित एक्स-रे काढतील. जीभ बाजूला ओढून, गाल ताणून आतून पाहतील. न भरणारा व्रण किंवा पांढरा चट्टा शोधत असतात. आमची आजी दात स्वच्छ राहावेत म्हणून रोज मिश्री लावायची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, हे तिला माहीत होते. तिच्या गालात आत काय चालले आहे, हे कोणी कधी पाहिले नाही.

कीटण काढताना पाण्याचे तुषार आणि कर्कश आवाज होईल. ते तुझ्यापेक्षा पुढच्या खालच्या दातांच्या मागे जास्त साठते, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात आणि लाळेतले क्षार दातावरच्या थरात बसून त्याचा दगड होतो. तो ब्रशने जात नाही. तो निघाला की दातांत फटी जाणवतात. शेजारचे काका कीटण काढून आल्यापासून ‘मशीनने दात सैल केले’ असे सांगत फिरतात. फटी आधीच होत्या, त्यात दगड भरलेला होता.

शनिवारी सकाळी मी तुझ्या बाजूला जास्त वेळ ब्रश फिरवीन. डॉक्टरांना ते लगेच कळते म्हणतात. एका दिवसात सुजलेली हिरडी बरी होत नाही. तरीही सांभाळून घे.

तुझा,
जबड्याचा मालक

ता. क. मागची अक्कलदाढ हिरडीखाली अजून आडवीच पडून आहे. डॉक्टर काढेपर्यंत आपण तिचा विषय काढायचा नाही.