माल आहे, पण सापडत नाही

भोसरी एमआयडीसीत बेअरिंग-बेल्टचं दुकान काढलंत, अभिनंदन. आता गोदाम गच्च भरून गिऱ्हाइकाला ‘स्टॉक नाही’ कसं सांगायचं, ते शिकून घ्या.

खरेदी करताना खप बघू नका, स्कीम बघा. मार्चअखेरीला कंपनीचा माणूस येतो; त्याचं टार्गेट अडलेलं असतं आणि तुमचं मन मोठं असतं. 4 टक्के जादा सुटतात म्हणून सहा महिन्यांचा माल उतरवून घ्या. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) 12 टक्क्यांची असेल, तर ती सूट चार महिन्यांत व्याजात जाते. पण ते सीएचं दुखणं.

रॅकवरच्या पोऱ्याला फार शहाणं करू नका. 6205 या बेअरिंग नंबरातल्या शेवटच्या 05 ला पाचानं गुणलं की 25 मिलिमीटरचा शाफ्ट, एवढं पुरे. पत्र्याचं झाकण झेडझेड, रबरी टूआरएस आणि सी3 म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा जास्त, हे त्याला कळलं तर तो खोकी वेगळी लावेल. एकाच खोक्यात असू द्या. मग तापणाऱ्या मोटरला सी3 ऐवजी साधं बेअरिंग जातं, जाम होतं, परत येतं. परत आलेलं कुठे ठेवायचं? त्याच खोक्यात.

नवे बेल्ट आणि ओ-रिंग पुढे, जुने मागे. रबर पडून पडून कडक होतं, भेगाळतं. होऊ द्या. केसही पिकतातच की.

ऑर्डर कधी टाकायची, याचं एक कंटाळवाणं गणित आहे. रोज 10 नग जातात, माल यायला 12 दिवस लागतात, म्हणजे 120; ट्रक अडकला तर म्हणून वर 40. रॅकवर 160 उरले की ऑर्डर. हे दुसरी-तिसरीतलं पोरगंही करेल, म्हणूनच आपल्या धंद्यात कुणी करत नाही. खोक्याचा तळ दिसेपर्यंत थांबा. मग शेजारच्या शेठकडून उसने आणा. त्याचे पोहोचवायला विसरा, म्हणजे पुढच्या खेपेला तोही ‘स्टॉक नाही’ म्हणायला शिकतो.

वर्षअखेरीच्या मोजणीत कॉम्प्युटर 43 सांगेल, रॅकवर 31 निघतील. एंट्री चुकली म्हणा, आकडा दुरुस्त करा आणि नवे मागवा. उरलेले 12 खंडेनवमीला रॅक पुसताना मागच्या फटीत सापडतात. तेव्हा हळदकुंकू हाताशी असतंच.