बैजिक राशी खात्रीने चुकवण्याची रीत

बैजिक राशीला सरळ रूप देताना माणूस निष्काळजीपणामुळे चुकतो, असे म्हणणे हा चुकणाऱ्यांवर अन्याय आहे. निष्काळजीपणाची चूक कशीही होते; या चुका मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच आहेत. (अ + ब)² दिसला की अ² + ब² लिहून मधले २अब गिळायचे; २क्ष आणि ३क्ष यांच्या बेरजेला ५क्ष² म्हणायचे; वजा चिन्हापुढचा कंस सोडवताना पहिल्याच पदाचे चिन्ह बदलायचे आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. इतके सातत्य शिस्तीशिवाय येत नाही, आणि शिस्त म्हटली की ती शिकवताही आली पाहिजे. तिचे मूळ तत्त्व एकच: अक्षर म्हणजे संख्या, हे कागदाला पेन टेकताच विसरावे.

हे जमले की पुढचे आपोआप जमते. (क्ष + ६)/६ मध्ये वर सहा, खाली सहा; दोन्हींवर काट मारली की क्ष उरतो. वरचा ६ हा अंशाचा अवयव नव्हे, नुसते एक पद आहे, ही तक्रार डोक्यात संख्या असणारेच करतात. क्ष १२ धरला तर १८ भागिले ६ म्हणजे ३, आणि आपले उत्तर १२, असे ते दाखवतील. त्यांना १६/६४ दाखवावा. तिथला सहा दोन्हीकडून खोडला तरी १/४ हे बरोबर उत्तर येते. १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ हेही आपल्याच बाजूचे. एकापेक्षा लहान दोन-अंकी अपूर्णांकांत, शून्यांची काटाकाट सोडली, तर असे एवढे चारच आहेत. हे मात्र त्यांना सांगू नये.

कोणी पडताळ्याचा हट्ट धरलाच, तर साक्षीदार आपण निवडावा. ५क्ष² च्या बाजूने ० आणि १ दोघेही बेधडक साक्ष देतात. अ शून्य धरला की २अब चा मागमूस राहत नाही. ७ ला मात्र बोलावू नये: २ × ७ आणि ३ × ७ मिळून ३५ होतात, आणि ५ × ४९ होतात २४५. एका किमतीला जुळले म्हणजे सिद्ध झाले असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण एका किमतीला बिघडले की खेळ संपतो, म्हणून धोका तिथेच. याच कारणाने लीलावतीपासूनही जपावे. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी तिथे २९७ चा वर्ग काढायला दिला आहे, आणि त्यांची एक रीत अशी: संख्येत ३ मिळवा, ३ वजा करा, गुणाकारात ३ चा वर्ग घाला. ३०० × २९४ + ९, म्हणजे ८८,२०९. हे अ² − ब² चे अवयवच झाले, आणि तेही चक्क उपयोगी पडताना. विद्यार्थ्याने हे पाहिले की अक्षरामागची संख्या त्याला कायमची दिसू लागते.

राहता राहिली वर्गत्रिपदी. क्ष² + ५क्ष − ६ चे अवयव पाडताना गुणाकार −६ आणि बेरीज ५ देणाऱ्या संख्या, म्हणजे ६ आणि −१, शोधत बसू नये. ६ म्हटले की २ आणि ३ घ्यावेत, वजा चिन्ह मनाला येईल त्याला द्यावे आणि (क्ष + २)(क्ष − ३) लिहावे. गुणून पाहायची वेळ आलीच, तर क्ष² आणि −६ जुळताच उत्तराखाली दोन रेघा ओढाव्यात. मधल्या पदापर्यंत जाऊ नये.