एकास चौसष्ट

लाकडी जहाजाच्या खोक्यावर 'प्रमाण १:६४' असं छापलेलं असतं, ते फक्त जहाजाला लागू. पसारा, खर्च आणि बायकोचा संताप हे सगळं एकास एकच राहतं. खोक्यावर तेवढं छापायला काय हरकत होती?

मी बांधतोय ती 'ब्लूनोज'. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या लूनेनबर्ग गावची, कॉड पकडणारी दोन डोलकाठ्यांची स्कूनर. खरी १४३ फुटांची, माझी सव्वादोन. "महाराजांचं गुराब जहाज सोडून परमुलखातली कोळ्यांची बोट कसली करताय?" असं वरच्या मजल्यावरचे काका विचारून गेले. बोटीची कुंडली त्यांना ठाऊक नाही, म्हणून हा प्रश्न.

१९२० साली न्यूयॉर्कजवळ अमेरिका चषकासाठी धनिकांच्या नौकांची शर्यत चालली होती. वारा २३ नॉटवर गेला म्हणून एका दिवसाची शर्यत पुढे ढकलली. ते ऐकून नोव्हा स्कोशियाचे मच्छीमार पोट धरधरून हसले. असल्या वाऱ्यात ते रोज पोट भरत! मग हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्रानं खऱ्या मच्छीमारांसाठी चषक ठेवला. नियम असा, की शर्यतीत उतरणाऱ्या बोटीनं आधी हंगामभर मासेमारी केलेली असली पाहिजे. नुसतं नटूनथटून आलेल्या बोटीला प्रवेश नाही.

पहिलाच चषक अमेरिकेच्या ग्लॉस्टर बंदराची 'एस्परँटो' घेऊन गेली. तो परत आणायला 'ब्लूनोज' बांधायची ठरली आणि आराखडा काढला विल्यम रूए यांनी. घरचा धंदा जिंजर एलचा; जहाजविद्या स्वतःची स्वतः शिकलेली. सोडावॉटरवाल्याच्या भरवशावर एवढं मोठं जहाज! कण्यात पहिला खिळा ठोकायला खुद्द गव्हर्नर जनरल आले. पण आधीचा पाहुणचार इतका सढळ झाला, की हातोडा खिळा सोडून इतरत्रच पडत राहिला, असं तिथले लोक सांगतात. जहाज मात्र सरळ निघालं. १९२१ च्या मार्चमध्ये पाण्यात उतरलं, हंगाम केला आणि ऑक्टोबरमध्ये चषक घरी आणला. तो पुढे तिच्याकडून कुणालाच नेता आला नाही. १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर तीच आहे.

खरी 'ब्लूनोज' बांधताना नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू दीडेक फूट उंच केली, म्हणजे खलाशांना खाली डोकं न आपटता जेवता-झोपता यावं. माझ्या बोटीत हा दीड फूट सात मिलिमीटरचा होतो. त्या सात मिलिमीटरांसाठी मी फळ्या गरम पाण्यात भिजवतो, टोकाकडे तासून निमुळत्या करतो, नाळेच्या वळणावर हलक्या हातानं वाकवतो, डिंक लावतो आणि चिमट्यांनी धरून ठेवतो. चिमटे दोरीवरचे. त्यामुळे बोट बांधायच्या दिवशी आमचे कपडे खाली राहणाऱ्यांच्या ग्रिलवर सापडतात.

डोऱ्या हा सर्वांत नाजूक भाग. डोरी म्हणजे सपाट बुडाची छोटी होडी. भर समुद्रात एकेका डोरीतून दोघं जण गळ टाकायला जात. आतल्या बसायच्या फळ्या काढल्या, की या डोऱ्या डेकवर वाट्यांसारख्या एकात एक बसतात. माझी प्रत्येक डोरी जेमतेम साडेतीन इंचांची. ही रचना मी हिला अगदी रंगात येऊन समजावली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावरचे कानस, पॉलिश पेपर, दोऱ्याची रिळं यांच्याकडे बोट दाखवलं. "मग हे का नाही एकात एक बसत?"

ही मूळची मालवणची. बोटीतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण ती मासळीच्या बाजूनं बघते. "हिच्यात कॉड केवढा मावेल?" मी हिशेब केला. तीन फुटी कॉड या प्रमाणात अर्ध्या इंचाचा. "म्हणजे जवळा," ती म्हणाली आणि विषय संपला.

आता प्रश्न बोट ठेवायची कुठे, हा. डोलकाठी दोन फुटांची. शोकेसमध्ये मावत नाही. टीव्हीशेजारची जागा मोक्याची, पण तिथे हिचा गणपती. मी चषकाची सगळी कथा पुन्हा सांगितली. म्हटलं, अशा मानाच्या बोटीला दिवाणखान्यात जागा नको का?

"नियम काय म्हणालात? आधी हंगामभर मासेमारी, मग मान!" हिनं कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "सुरमई बघून घ्या. कल्ले लाल हवेत."

हंगाम चालू आहे. परवा कोळीण म्हणाली, "दादा, हल्ली तुम्ही रोज दिसता!"