झाकणाच्या स्क्रूस अनावृत पत्र

प्रति,
श्री. स्क्रू (डाव्या कोपऱ्यातले),
इंजिनाचं झाकण, मागच्या सीटच्या पाठीमागे,
नॅनो मोटार, मु. पो. कामरगाव, ता. कारंजा (लाड), जि. वाशीम.

विषय : आपण फिरत नसल्याबाबत.
संदर्भ : माझ्या उजव्या अंगठ्याची साल.

स. न. वि. वि.

असल्या पत्राला मराठीत अनावृत पत्र म्हणतात. आपण धरून ठेवलेलं झाकण तीन दिवस अनावृत होईना, तेव्हा निदान पत्र तरी तसं लिहावं म्हटलं. आपले बाकीचे भाऊबंद पहिल्याच दिवशी, चिमटीत धरून फिरवताच, निमूटपणे निघून आले. ते सध्या स्टीलच्या वाटीत आहेत. आपण मात्र जागचे हलला नाहीत.

मागणी काही मोठी नव्हती. सोमवारी कारंज्याहून येताना गाडी आचके देऊ लागली. एखादी वायर सुटली असेल, म्हणून झाकण उचलून नुसतं आत डोकावायचं होतं. दुसऱ्या कुठल्या मोटारीत हे काम उभ्याने झालं असतं. बॉनेट उचलायचं, दांडी लावायची, कमरेवर हात ठेवून जाणकारासारखं "हं" म्हणायचं. नॅनोचं इंजिन पडलं मागे. आमच्या मॉडेलला मागचं दार उघडतही नाही, दिसतं ते नुसतं दाराच्या आकाराचं. त्यामुळे आधी सामानाच्या जागेतलं तुरीचं अर्धं पोतं, छत्री आणि लग्नात मिळालेली घड्याळं बाहेर काढायची, मागच्या सीटची पाठ पाडायची, गालिचा गुंडाळायचा आणि मग बाजूच्या दारातून डोकं आत घालून ओणवं व्हायचं. बाजाराचा दिवस होता. एकतीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे माझे माजी विद्यार्थी रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात. त्या दिवशी मीच वाकलेला होतो आणि नमस्कार भलत्याच बाजूला पडत होते.

इंजिन मागे असल्याचा त्रास केवळ मलाच होतो असं नाही. आमच्या गाडीत पेट्रोल पुढचं बॉनेट उघडून भरावं लागतं. नवा पोरगा पंपावर आला की नळी घेऊन मागे जातो, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि शेवटी माझ्याकडे संशयाने बघतो. आणि वेगाचं म्हणाल, तर समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. आमची नॅनो १०५ च्या पुढे जातच नाही, म्हणजे आम्ही तिथे कायद्याने नव्हे, प्रकृतीने सज्जन ठरतो.

तरीही ज्यांनी ही गाडी घडवली त्यांना मी बोल लावणार नाही, आणि आपणही त्यांच्या आडून लपू नये. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दिसली, तेव्हा लाखाची मोटार म्हणून सगळं जग वाकून बघत होतं. कारखाना सिंगूरहून उठून साणंदला गेला. गाडी २००९ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१८ च्या सुमारास बनायची थांबली. किंमत खाली ठेवण्यासाठी तिच्यातला एकेक तुकडा तागडीत घालून पाहिलेला होता. वायपर एकच. सिलिंडर दोन. चाकाला नट तीन. चाकासारख्या चाकाचा चौथा नट जिथे काढून टाकला, तिथे झाकणाच्या या कोपऱ्यावर आपली नेमणूक कायम राहिली. एवढ्या काटकसरीतून वाचलेल्या माणसाने... चुकलो, स्क्रूने, थोडी कृतज्ञता दाखवायची की नाही?

पहिल्या दिवशी मी हाताने प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी हाताला रुमाल गुंडाळून. तोवर गावात बातमी गेली होती. कामरगावात कुणाची गाडी बंद पडली की तिच्याभोवती आपोआप समिती बसते, तिला ठराव लागत नाही. एकाने डिझेल टाकून रात्रभर ठेवायला सांगितलं. दुसऱ्याचं मत खोबरेल तेलाच्या बाजूने. तिसरा म्हणाला, रॉकेलच पाह्यजे, आणि ते आता मिळत नाही म्हणून देशाचं कसं वाटोळं झालं यावर पाऊण तास बोलला. वेल्डिंगवाल्याने ग्राइंडर आणून आपलं मुंडकं उडवायची तयारी दाखवली. पेट्रोलच्या गाडीत, इंजिनाच्या डोक्यावर ठिणग्या पाडायच्या म्हणतो! मी आपला जीव वाचवला आहे, याची नोंद घ्यावी. घरातून एवढाच निरोप आला की, "तुरीचं पोतं ओसरीत भिजून राह्यलं, ते आंधी उचला."

तिसऱ्या दिवशी मात्र माझा तोल सुटला. अरे, तू आहेस कोण? बोटाच्या दोन पेरांएवढं लोखंड! घड्याळाच्या उलट दिशेने जरा वळायचं, यापलीकडे तुला आयुष्यात काम काय? (क्षमस्व. कार्यालयीन पत्रात एकेरी यायला नको होतं. खोडतो. खोडत नाही, राहू द्या.)

आपल्या कुळाचा इतिहासही मी काढला. कॅनडात रॉबर्टसन नावाच्या माणसाने १९०८ च्या सुमारास चौकोनी खाचेचा स्क्रू काढला. पेचकस त्यावरून घसरत नसे, आणि फोर्डच्या तिथल्या कारखान्यात तो गाड्यांना बसूही लागला. फोर्डला तो स्वतःच्या हातात हवा होता. रॉबर्टसनने परवाना द्यायला साफ नकार दिला. अमेरिकेत मग फिलिप्सची फुलीची खाच फोफावली, तीच ती, जिच्यावरून पेचकस घसरतो आणि माणूस शेजाऱ्यासमोर शिवी गिळतो. सांगायचा मुद्दा, हट्ट आपल्या खानदानात आहे. पण रॉबर्टसनने तो फोर्डपुढे केला. आपण कुणापुढे करताय? पेन्शनवर जगणाऱ्या मास्तरापुढे?

आणि आपल्याच तालुक्यातून शकुंतला रेल्वे जात होती, ती तरी आठवा. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं, आणि ते १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं वाफ, पाणी, कोळसा आणि आपली काळी माती खाऊन त्याचे नट फिरत राहिले, कारण फिटरचा पाना त्यांच्यावर सतत चालायचा. इथे माझा आवाज थोडा खाली येतो. आपल्याला मी शेवटचा हात कधी लावला, ते मला पटकन आठवेना.

ते आठवून दिलं फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या पोराने. तो आला होता उसनी पक्कड मागायला. समितीला बाजूला सारून तो आत घुसला, मोबाइलची बॅटरी लावली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग तिथूनच विचारलं,

"मास्तर, हे दात कोनाचे व्हय?"

"कसले दात?"

"स्क्रूच्या डोक्शाले चारी अंगानं पक्कडीचे दात उमटले. हा बोटानं कसाचा हाय. कोनंतरी पक्कडीनं आवयला."

समिती माझ्याकडे बघू लागली. मी तुरीच्या पोत्याकडे बघू लागलो.

तर, महोदय, खरं ते असं. काही पावसाळ्यांपूर्वी कारंज्याच्या रस्त्यावर आपण खडखडत होता. मेहुणे शेजारी बसलेले, आणि गाडी खटारा असल्याचं ते दर खड्ड्याला सुचवत होते. मी गाडी बाजूला घेतली, पक्कड काढली आणि आपल्याला अर्धा फेरा, वर आणखी थोडा, असं आवळलं. खडखड थांबली. मेहुणे गप्प झाले. त्या आनंदात मी आपल्याला विसरलो ते आजवर. पुढे खालून इंजिनाची ऊब, वरून भिजलेल्या पोत्यांची ओल. लोखंड गंजलं की गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो आपल्या आट्यांत फुगून बसला. म्हणजे आपण ठिय्या दिला नव्हता. आपल्याला कोंडून ठेवलं होतं, आणि कोंडणाराच तीन दिवस दाराबाहेर उभा राहून निवेदन देत होता.

पोराने डिझेलचे दोन थेंब सोडले आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत आपल्याला कुणी हात लावला नाही. मग पेचकसाच्या मुठीने डोक्यावर टकटक केली, आणि पक्कड लावून आपल्याला उलटं नाही, सुलटं फिरवलं. कसलं! मी ओरडलोच.

"जोर नोका करू, मास्तर. आंधी थोडासाक कसा लागते, मंग तो ढिल्ला होते. गंज आंधी तुटाले पाह्यजे ना."

आपण "कर्र" असा आवाज केलात. केसभर पुढे, केसभर मागे, पुन्हा पुढे. पाचव्या-सहाव्या खेपेला आपण त्याच्या तळहातावर होता. आटे शाबूत. वेल्डिंगवाला ग्राइंडर घेऊन घरी गेला, जरा नाराजच.

झाकण उचललं. आत, इंजिनाच्या कुशीत, पांढऱ्याशुभ्र कापसाचं घरटं होतं, त्यात तुरीची टरफलं आणि माझ्या जुन्या पासबुकाच्या चिंध्या. शेजारची वायर कुरतडलेली. उंदीर खालच्या बाजूने आला असणार. त्याला झाकण उघडावं लागलं नाही, आपली परवानगी लागली नाही, समिती तर नाहीच नाही. वायरीला चिकटपट्टी गुंडाळली, घरटं शेताच्या बांधावर नेऊन ठेवलं आणि आपल्याला आट्यांना जरासं ग्रीस लावून पुन्हा बसवलं. बोटांनी.

सबब, संदर्भातली अंगठ्याची साल मी मागे घेत आहे. बाकी पत्र लिहून झालंच आहे, तेव्हा ते तसंच धाडतो.

आपला,
एक नॅनोवाला, कामरगाव

ता. क. : काल मेहुण्यांना घेऊन कारंज्याला गेलो. आपण पुन्हा खडखडू लागलात. मेहुण्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. पक्कड पंपवाल्या पोराकडे आहे, मी मागितलेली नाही. मी रेडिओचा आवाज वाढवला.