मोहीमप्रमुख

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी मंडळात एक मोहीमप्रमुख असतोच. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं. गणपतीच्या आरतीनंतर चार माणसं मोदक खाता खाता सहज म्हणतात, "ऑक्टोबरात कुठेतरी जाऊ या." बोलणारे घरी जाऊन आडवे होतात न होतात, तोच त्यांच्या फोनवर एक्सेलची शीट येऊन आदळते.

आमचे प्रमुख कोलंबसचे. ओहायोतल्या नव्हे, इंडियानातल्या, जिथे कमिन्सचं मुख्यालय आहे. या कंपनीने १९६२ साली किर्लोस्करांच्या सोबतीने पुण्यात बस्तान बसवलं. तेव्हा कोथरूडचे इंजिनियर मक्याच्या शेतांमधल्या या गावात कसे पोचले, हे वेगळं सांगायला नको. डिझेल इंजिनाचा एकही नट ढिला राहू द्यायचा नाही यात प्रमुखांची निम्मी हयात गेली. रविवार ढिला राहिलेलाही त्यांना चालत नाही.

या खेपेला बेत होता ब्राउन काउंटी स्टेट पार्कात घोड्यावरून रपेट करण्याचा. इंडियानातलं हे सगळ्यात मोठं स्टेट पार्क. जवळजवळ १६,००० एकर जंगल, स्थापना १९२९, घोड्यांसाठीच्या वाटा सुमारे ७० मैल. पार्काच्या तबेल्यातले घोडे भाड्याने मिळतात, सोबत वाटाड्या मिळतो. आमच्या गावाहून हायवे ४६ धरला की अर्ध्या तासाच्या आत माणूस तिथे. दुसरा कोणी असता तर गाडीत बसून निघाला असता. शीटची पहिलीच ओळ मात्र लाल अक्षरांत होती: 'शेजारचं गाव नॅशव्हिल, इंडियाना. जीपीएसमध्ये टेनेसीचं टाकू नये.' वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा किराणासुद्धा त्याच रस्त्यावर.

शीटच्या दुसऱ्या पानावर प्रस्तावना होती. तीत १७२८ची पालखेडची मोहीम होती. बाजीराव तोफखाना आणि बाजारबुणगे मागे ठेवून कसा सडा दौडत गेला, जड लवाजम्याच्या निजामाला त्याने पाण्यावाचून कसं कोंडलं, हे मुद्देसूद देऊन खाली लिहिलं होतं: 'आपणही सुटसुटीत निघू.' तिसऱ्या पानावर सामानाची यादी. तिखटमिठाच्या पुऱ्या, दोन प्रकारच्या चटण्या, चहाचे थर्मास, गोचिडींसाठी फवारा, पॉयझन आयव्हीची तीन पानं ओळखण्यासाठी रंगीत चित्र, घडीच्या खुर्च्या, आणि 'वाटल्यास कॅरम'. निजामाने ही यादी पाहिली असती तर त्याला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं असतं.

खरा भडका उडाला तो 'वजन' या रकान्यावरून. प्रमुखांचा हेतू शुद्ध होता. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांहून जास्त ओझं वाहू नये असा घोडेवाल्यांचा ठोकताळा आहे. हजार पौंडांचा घोडा धरला तर दोनशे पौंड, त्यात तीस-चाळीस पौंड खोगिराचेच गेले. म्हणून त्यांनी रकाना आखला आणि डोक्यावर लिहिलं, 'वजन (पौंडात, खरं)'. त्या 'खरं'ने घात केला. एकाने किलोत आकडा टाकला आणि एकक लिहायला सोयीस्कर विसरला; प्रमुखांनी तो आकडा मुलांच्या तट्टांत धरला. एकीने लग्नाच्या वेळचं वजन भरलं. भारतातून आलेल्या एका काकूंनी ग्रुपवर आवाजी निरोप ठेवला, "माझं वजन मी घोड्याला सांगेन, तुम्हाला कशाला सांगू?" शेवटी प्रमुखांनी रकाना काढून टाकला आणि प्रत्येकाचा अंदाज स्वतःच करून खाजगी शीटमध्ये भरला. ती शीट चुकून ग्रुपवर गेली. त्या आठवड्यात वहिनींना जे फोन आले, त्यांबद्दल वहिनी आजही बोलत नाहीत.

घोड्यांचा प्रमुखांना अनुभव आहे का, असं कोणी विचारलं की "माथेरान!" एवढंच उत्तर मिळतं. माथेरानात दस्तुरी नाक्यापासून घोडेवाला लगाम धरून चालत असतो आणि आपण वरून फक्त उन्हाची तक्रार करायची असते, हे तपशील ते देत नाहीत.

पानं रंगायच्या दिवसांत अर्धं इंडियाना हायवे ४६वर उतरतं. ती गर्दी चुकवायला आम्ही इतक्या पहाटे निघालो की तबेल्यातले घोडेही पेंगत होते. पुऱ्या पार्किंगमध्येच संपल्या. मग हेल्मेटं, हमीपत्रांवर सह्या, आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी, जी आमची वाटाडी. प्रमुखांच्या वाट्याला अबलख घोडा आला. तिने त्याचा तंग आवळला, सगळ्यांना ओट्यावरून चढवलं, आणि निघायच्या आधी परत येऊन तोच तंग आणखी दोन भोकं आवळला. फोटो काढताना आपण पोट आत घेतो. घोडा तंग आवळताना पोट फुगवून ठेवतो. प्रमुख हे पाहून थक्क झाले. एवढी पूर्वतयारी त्यांनीही केली नव्हती.

शीटप्रमाणे पहिला थांबा अठराव्या मिनिटाला होता. अबलख तिसऱ्याच मिनिटाला थांबला. वाटेच्या कडेला हिरवंगार गवत होतं. त्याने मान खाली घातली, लगाम प्रमुखांच्या हातून सर्रकन ओढला गेला, आणि मुळासकट गवत उपटल्याचा करकर आवाज यायला लागला. "चल बेटा," प्रमुख म्हणाले. मग इंग्रजीत म्हणाले. मग घड्याळ दाखवलं. मुलगी पुढून ओरडली, "डोकं वर ओढा, टाच मारा, त्याला कळू द्या मालक कोण ते!" अबलखाला ते आधीच कळलं होतं. मागची सगळी रांग, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक अशी, उभी राहिली. काकूंचा घोडा मात्र बाजूने शांतपणे पुढे निघाला. त्याच्याशी त्यांचं काय बोलणं झालं होतं, देव जाणे.

सोमवारी ग्रुपवर अहवाल आला. सरासरी वेग, अनियोजित थांबे, 'गवत' या सदराखाली एकूण नुकसान. खाली पुढच्या वर्षीचा प्रस्ताव: पार्कात घोडेवाल्यांसाठी वेगळा तळ आहे, तेव्हा स्वतःचाच घोडा न्यावा. घोड्याच्या रक्ताची कॉगिन्स चाचणी कुठे होते, हेही त्यांनी शोधून ठेवलंय. सध्या त्यांचा सोसायटीच्या कमिटीशी पत्रव्यवहार चालू आहे: नियमावलीतला 'पाळीव प्राणी' नेमका किती पौंडांपर्यंतचा धरायचा?