टिकलीखालचा दिवा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे मुख्यतः दोन रंगांत येतात. लाल म्हणजे गाडी आत्ता थांबवा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. मालक दोन्ही रंगांचा अर्थ एकच लावतो: सेन्सर गेलाय. सेन्सर बिघडणे ही त्याच्या दृष्टीने सर्वांत सोयीची घटना, कारण तीत गाडीही निर्दोष ठरते आणि ‘आपल्याला गाडीचा आवाज कळतो’ हा त्याचा दावाही शाबूत राहतो. (या लेखातला मालक काल्पनिक आहे. गाडी खरी असून ती शिवडीत टोकरशी जीवराज मार्गावर उभी असते. तिची किल्ली प्रस्तुत लेखकाच्या खिशात कशी, हा वेगळा विषय आहे.)

तपासणी दिवा लागल्यावर नव्हे, किल्ली फिरवल्यावर सुरू होते. किल्ली एक टप्पा फिरवली की मुख्य लाल दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो मुळात लागतच नाही, त्याचा बल्ब उडालेला असतो किंवा आधीच्या मालकाने गाडी विकण्यापूर्वी काढून ठेवलेला असतो. एकही दिवा न लागणारी गाडी पाहून ‘काय मेंटेन केलीय!’ म्हणणारा गिऱ्हाईक त्याला लगेच भेटतो.

तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा इंजिनात तेल किती आहे ते सांगत नाही. तो तेलाच्या दाबाविषयी बोलतो, आणि तेही दाब जवळजवळ संपल्यावर. त्यानंतर बेअरिंग कोरडी पडायला वेळ लागत नाही. इंजिन तिथेच बंद करावे, थोडे थांबून ऑइलची पट्टी काढावी, पुसून परत घालावी आणि मग पाहावे. ‘नाक्यापर्यंत तर जाईल’ या वाक्याची किंमत एक इंजिन असते.

बॅटरीचा दिवा बॅटरीपेक्षा चार्जिंगबद्दल असतो. पट्टा सैल झाला, तुटला किंवा अल्टरनेटर थकला की तो लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून या दिव्यापाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला तर पुढे जाऊ नये, आणि गरम रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये. आणखी एक गंमत अशी की, अनेक जुन्या अल्टरनेटरना जागे करणारा पहिला किरकोळ करंट याच दिव्याच्या बल्बमधून जातो. बल्ब उडाला तर चार्जिंग सुरूच होत नाही. तक्रार सांगणाराच काम सुरू करून देतो, अशी व्यवस्था सरकारी कचेरीत आढळत नाही.

ब्रेकच्या दिव्याचे पहिले कारण हँडब्रेक पूर्ण खाली न केलेला असणे. दुसरे, ब्रेक ऑइल कमी होणे. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि डब्यातली पातळी उतरते. त्यामुळे नुसते ऑइल ओतले तर दिवा विझतो, पॅड झिजलेलेच राहतात.

एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकदम मिणमिणू लागले तर अर्थिंग तपासावे. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने शिवडीत वायरची टोके गंजतात. पण त्याआधी बोनेट उघडून उंदीर पाहावा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावेच लागते, आणि जवळ बंदराची गोदामे असल्यामुळे शिवडीत उंदराला रोजगाराची चिंता नाही. बंद इंजिनाची ऊब त्याला आवडते. उपाय म्हणून तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, फिनाइलचा बोळा असे सर्व प्रकार केले जातात. उंदीर ते ओलांडून वायरीपर्यंत जातो. खरा पेच निराळाच. डॅशबोर्डवर गणपती बसलेला असतो. लालबाग हाकेच्या अंतरावर, तेव्हा गणपती काढण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे काचेमागे देव आणि बोनेटखाली देवाचे वाहन. एका वाहनाने दुसऱ्या वाहनाची वायर खाल्ली तर दाद मागायची कुणाकडे? सापळा लावावा तर भाद्रपदात मन धजत नाही, न लावावा तर आश्विनात वायरिंगचे बिल येते. मालक सापळा लावतो. पण आत मोदकाचा तुकडा ठेवतो, म्हणजे निदान अपमान तरी व्हायला नको.

राहिला पिवळा ‘चेक इंजिन’. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड मिळतो. कोड भाग बदला असे म्हणत नाही, कुठे शोधा ते सांगतो: प्लग, कॉइल, ऑक्सिजन सेन्सर, हवेची गळती. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करते आहे आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते आहे. मालक यांपैकी काहीच करत नाही. तो दिव्यावर काळी टिकली चिकटवतो आणि विचारणाऱ्याला सांगतो, ‘गाडीला तीट लावलीय.’

हा दिवा कायद्याने आणला तो इंजिनासाठी नव्हे, हवेसाठी. धुराने गुदमरलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून त्याची सक्ती केली. भारतात तो भारत स्टेज-४च्या नियमांबरोबर सक्तीचा झाला. तेलाचा दिवा मालकाच्या खिशाला धमकावतो, म्हणून मालक त्याला भितो. हा दिवा दुसऱ्याच्या छातीबद्दल बोलतो, म्हणून तो टिकलीखाली जातो. शिवडीत महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. तिथे माणसे एकेक श्वास मोजून घेतात, आणि त्याच वस्तीतल्या रस्त्यांवर ट्रक इंजिन चालू ठेवून रांगेत उभे असतात. त्या ट्रकवाल्यांवर मालक मनापासून चिडतो. हिवाळ्यात शिवडी जेट्टीवर फ्लेमिंगो पाहायला येणाऱ्यांना तो खाडीच्या प्रदूषणावर अर्धा तास सुनावतो, तेही गाडीला टेकून, इंजिन चालू ठेवून, कारण बंद केले तर ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. टिकली काढायला नख पुरते. स्कॅनर लावायला मेकॅनिक फार पैसे घेत नाही. ऑक्सिजन सेन्सर मात्र महाग पडतो, हे खरे.

पेट्रोलच्या दिव्याला निदान लागत नाही. तो लागला असताना शिवडीहून अटल सेतूवर चढू नये, २१.८ किलोमीटरच्या त्या पुलावर पंप नाही आणि गाडी थांबवायलाही मनाई आहे.